अंगावरचे प्राणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर एका ओळीत विषय दिला, "तुझ्या त्या कानातल्यांबद्दल बोल." सकाळी प्रवेशदाराशी लावलेल्या टेबलापाशी तुमच्यापैकी बरेच जण येऊन गेलात. एकानं हळूच विचारलं, "नोकरी सुटली की काय गं?" तर आधी त्याचा खुलासा करते. नोकरी आहे. पुण्यात सॉफ्टवेअरमध्येच आहे, आणि सोमवार ते शुक्रवार तिथेच असते. शनिवार-रविवारी माती मळते. त्या मातीचे मासे, कासवं, घुबडं आणि कुत्री होतात, त्यांची कानातली आणि लटकनं होतात, आणि विक्रीतून जे उरतं ते भटक्या जनावरांवर उपचार करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेला जातं. एवढाच उद्योग आहे. पण तो करताना मला काही गोष्टी नव्यानं समजल्या, त्या आज सांगते.

पहिली गोष्ट अशी की प्राण्यांचे दागिने ही काही नवी फॅशन नाही. आपल्या आज्यांच्या पायाच्या बोटांत मासोळ्या होत्या. कोल्हापुरी साज ज्यांच्या घरी असेल त्यांनी तो नीट पाहावा. त्यात मासा आहे, कासव आहे, भुंगा आहे, नाग आहे. हातातल्या कड्यांच्या टोकांना समोरासमोर आलेली सिंहमुखं असतात. नथीत मोर बसतो. आणि सगळ्यांत मोठं उदाहरण तर पंढरपुरात विटेवर उभं आहे. विठोबाच्या कानातली मकरकुंडलं माशाच्या आकाराची आहेत, हे वारीला जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणजे कानात प्राणी घालून मिरवणं आपल्याकडे देवालाही चालतं!

पण दागिन्यात प्राणी दोन तऱ्हांनी येतो. एक आकारानं, आणि दुसरा शरीरानं. मासोळी चांदीची असते. ती घडवताना मासा मरत नाही. वाघनखाचं तसं नाही. लहान मुलाच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख आपल्यापैकी काहींनी घरातल्या जुन्या फोटोत पाहिलं असेल. ते नख वाघाच्या पंजातून आलेलं असतं. हस्तिदंती बांगडी हत्तीच्या सुळ्यातून येते, आणि सुळ्याचा बराचसा भाग कवटीत रुतलेला असल्यामुळे तो पुरा काढायचा तर शिकारी हत्तीला मारतात. समुद्री कासवाच्या पाठीपासून फण्या आणि बांगड्या होत. हत्तीच्या शेपटीच्या केसाच्या आणि खवले मांजराच्या खवल्याच्या अंगठ्या आजही कुठे कुठे चोरून विकल्या जातात.

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८६ मध्ये भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये बाहेरून येणाऱ्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. वाघनखासारखी वस्तू बेकायदा जवळ ठेवली तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. २०२३ मध्ये कर्नाटकात दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमातल्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखाच्या लॉकेटवरून कार्यक्रमाच्या घरातूनच अटक झाली, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. तेव्हा घरात कुणाच्या पेटीत असं काही असेल, तर "आमच्या पणजोबांचं आहे" म्हणून ते विकायला किंवा मोडायला नेऊ नका. आधी वन विभागाकडे चौकशी करा.

ही सगळी बंदी सरकारांनी आपणहून घातली असं मात्र नाही, आणि इथे मला बायकांची एक गोष्ट सांगायची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसं लावायची पद्धत होती. सगळ्यांत जास्त मागणी बगळ्याच्या पिसांना होती. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर झिरझिरीत, लांब पिसं येतात, ती त्यांना हवी असत. विणीच्या हंगामातच शिकार व्हायची, म्हणजे मोठा पक्षी मरायचा आणि घरट्यातली पिल्लं उपाशी मरायची. ही पिसं वजनाला सोन्याहून महाग विकली जात. भारतातूनही ती जात होती.

याविरुद्ध १८८९ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर इथे एमिली विल्यमसन या बाईंनी आपल्या ओळखीच्या बायका जमवल्या आणि पिसं न वापरण्याची शपथ घ्यायला लावली. त्यांच्याकडे मताचा अधिकारही नव्हता. पण टोपी कुठली घालायची हे त्यांच्या हातात होतं, तेवढंच त्यांनी वापरलं. त्यातून पुढे 'रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स' ही मोठी संस्था झाली. भारतातून पिसं बाहेर पाठवायला १९०२ मध्ये बंदी आली आणि ब्रिटनमध्ये पिसांची आयात १९२१ च्या कायद्यानं थांबली. आज आपल्या भातखाचरात म्हशीच्या मागे बगळे निवांत चालताना दिसतात, त्यात त्या टोपीवाल्या बायकांचाही थोडा वाटा आहे.

ही गोष्ट वाचल्यावर मी माझ्यासाठी पहिला नियम केला. आकार प्राण्याचा घ्यायचा, बाकी काहीही प्राण्याचं घ्यायचं नाही. पिसं नाहीत, हाड नाही, शिंग नाही, शिंपला नाही. सकाळी दोघींनी विचारलं, मोरपिसाचे झुमके का नाहीत? गळून पडलेल्या मोरपिसाच्या देशातल्या विक्रीला कायद्यात सूट आहे, हे खरं. पण पीस गळून पडलेलं आहे की उपटलेलं, हे विकणाऱ्या मला आणि घेणाऱ्या तुम्हाला एका नजरेत कळत नाही. म्हणून मी तो रस्ताच सोडून दिला.

आता माती. आपल्याला कार्यानुभवाच्या तासाला मातीकाम होतं. तेव्हा मला जमलेली एकमेव वस्तू म्हणजे पोळपाट, तोही वाकडा. त्यामुळे सरांना आज टेबलावरचं घुबड पाहून आश्चर्य वाटलं तर ते रास्त आहे. कुंभारमाती आधी बारीक चाळायची, भिजवायची आणि चांगली मळायची. मळण्यात आळस केला की आत हवेचे बुडबुडे राहतात. वस्तू घडवल्यावर ती सावलीत चार-सहा दिवस सावकाश वाळू द्यायची. उन्हात घातली तर वरचा थर आधी आकसतो आणि तडा जातो. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि कासवाचे तुकडे होऊन बाहेर येतात. वाळताना आणि भाजताना माती आकसते, म्हणून कानातलं हवं त्यापेक्षा थोडं मोठं करावं लागतं, आणि तारेचं भोक तर नक्कीच मोठं ठेवावं लागतं.

भाजून मी एका कुंभारदादांच्या भट्टीत घेते. त्यांच्याकडून मला रंगाचं गुपित कळलं. एकाच मातीचे दोन कुत्रे घडवा. भट्टीत हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहामुळे कुत्रा लाल होतो. धूर कोंडून हवा तोडली तर तोच कुत्रा काळा होतो. रंगाचा थेंबही लागत नाही. टेबलावरचे लाल आणि काळे कुत्रे एकाच गोळ्यातले आहेत.

या कुत्र्यांबद्दल जरा थांबून सांगायचं आहे, कारण माझ्या कामात सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांच्यावरूनच येतात. नीट पाहिलंत तर त्यांच्या एका कानाच्या टोकाला खाच आहे. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, "ताई, हे तुटलंय, दुसरं द्या." मग मी सांगते की तुटलेलं नाही, ते मुद्दाम केलं आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याचं निर्बीजीकरण आणि रेबीजचं लसीकरण झालं की त्याच्या कानाला अशी खाच करतात, म्हणजे त्याला पुन्हा पकडून नेलं जात नाही. भूल दिलेली असतानाच हे होतं. मग त्याला जिथून उचललं त्याच भागात परत सोडायचं असतं. २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांपासून ही पद्धत आहे, आणि २०२३ मध्ये आलेल्या नव्या नियमांतही ती कायम आहे.

"परत का सोडायचं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. कारण एखाद्या भागातली कुत्री उचलून नेली तर तिथला कचरा, उरलंसुरलं अन्न आणि मोकळी जागा तशीच राहते. शेजारच्या भागातली, लस न टोचलेली कुत्री तिथे येतात आणि पुन्हा पिल्लं होतात. लस घेतलेली, निर्बीज झालेली कुत्री जागेवर राहिली तर ती बाहेरच्यांना फारसं येऊ देत नाहीत आणि संख्या हळूहळू खाली येते. अट एवढीच की हे काम भागातल्या बहुतेक कुत्र्यांवर आणि सातत्यानं झालं पाहिजे. दहातल्या दोन कुत्र्यांवर करून थांबलो तर काही उपयोग नाही.

हे मी माणसांच्या बाजूनंही सांगते, फक्त कुत्र्यांच्या नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या जवळजवळ सगळ्या घटना कुत्र्याच्या चाव्यातून होतात, आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपाय राहत नाही. कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायची, हळद-तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. कानातलं विकताना मी हे प्रत्येकाला सांगते. काहींना वाटतं, ही बाई विकायला बसली आहे की आरोग्य खात्यात आहे!

आपल्या शाळेच्या व्हरांड्यातली तांबडी कुत्री तुम्हाला आठवत असेल. आपण आठवीत होतो तेव्हा ती घंटेखाली झोपायची. वर्षातून दोनदा तिला पिल्लं व्हायची, आपण डब्यातली पोळी टाकायचो, नावं ठेवायचो. पावसाळा संपेपर्यंत त्यांतलं एखादंच उरायचं, काही एसटीखाली जायची, काही आजारानं. आपण मुलं होतो, ते असंच असतं असं आपल्याला वाटायचं. तेव्हा गावात दुसरी सोयही नव्हती. एका शस्त्रक्रियेनं त्या कुत्रीची किती बाळंतपणं आणि किती पिल्लांचे हाल वाचले असते, हे आज मला नेमकं माहीत आहे.

आता पैशांकडे येते. ज्यांना माझा वर्गातला हिशेब आठवतो त्यांनी काळजी करू नये, आता स्प्रेडशीट आहे.

कुत्र्यांच्या एका जोडीची किंमत चारशे रुपये आहे. माती, हूक, तार, डबी यांचे नव्वद रुपये होतात. भट्टीचे वीस. हूक बसवणं, घासणं आणि डबीत भरणं हे काम माझ्या सोसायटीतल्या एक ताई करतात, त्यांचे जोडीमागे ऐंशी. उरतात दोनशे दहा, ते संस्थेला जातात. ज्या संस्थेला मी देते तिच्या दरानं आठ जोड्यांमागे एका कुत्रीच्या शस्त्रक्रियेचा खर्च निघतो. महिन्याअखेरीला पैसे बँकेतून जातात, पावती येते आणि ती पावती त्या महिन्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवते.

या हिशेबात माझी मजुरी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मला ती नको, कारण माझं घर पगारावर चालतं. पण म्हणून मी जोडी दीडशेला विकत नाही, आणि याचं कारण महत्त्वाचं आहे. दागिने घडवणं हाच ज्यांचा पोटाचा धंदा आहे अशी माणसं माझ्याच शेजारी स्टॉल लावतात. बस्तरचे ढोकरा कारागीर आहेत. मेणाचा प्राणी घडवून, त्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून त्या जागी पितळ ओतायचं, अशा फार जुन्या पद्धतीनं ते हत्ती, घोडे, कासवं करतात. माझ्यासारखी पगारदार बाई "चॅरिटीसाठी" म्हणत मजुरी न धरता स्वस्तात विकू लागली, तर गिऱ्हाइकाला त्यांची वस्तू महाग वाटू लागेल. कुत्र्याचं भलं करताना माणसाच्या पोटावर पाय द्यायचा हे बरोबर नाही. म्हणून किंमत मजुरी धरूनच लावायची, आणि माझ्या वाट्याची मजुरी देणगीत घालायची. हा माझा दुसरा नियम.

एकानं मघाशी सरळ विचारलं, "चारशेतले दोनशे दहाच पोहोचतात ना? मग मी थेट चारशे का देऊ नयेत?" मला हा प्रश्न फार आवडला. उत्तर असं की, द्याच. अवश्य द्या. थेट देणगी केव्हाही जास्त पोहोचते. कानातलं घेणं ही खरेदी आहे, तिला दान समजू नका. पण चारशे रुपये दिल्याचं कुणाला दिसत नाही, आणि खाच असलेल्या कानाचा कुत्रा दिसतो. लोकलमध्ये, ऑफिसात, लग्नात कुणीतरी विचारतं, "हे तुटलंय का?" आणि घालणारी सांगते. त्या विचारण्यासाठीच तो दागिना आहे. तो प्रश्न कुणी विचारणार नसेल, तर माझा कुत्रा म्हणजे नुसती भाजलेली माती.

आपण एकटे नाही आहोत हे कळावं म्हणून दोन लांबची उदाहरणं देते. आसामात हरगिला नावाचा मोठा करकोचा आहे. दिसायला टकला, गळ्याला लोंबणारी पिशवी, खाणं मेलेलं जनावर आणि कचरा. त्याच्या घरट्याखाली दुर्गंधी येते म्हणून लोक आपल्या परसातली कदंबाची झाडं तोडत, आणि पिल्लं खाली पडून मरत. डॉ. पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना एकत्र केलं. या बायकांनी मेखला-चादरीवर हरगिला विणायला सुरुवात केली, ती कापडं विकून त्यांना मिळकत होऊ लागली. अंडी घालायच्या दिवसांत त्या पक्ष्याचं चक्क डोहाळजेवण करतात! आज दहा हजारांहून अधिक बायका या 'हरगिला आर्मी'त आहेत. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बर्मन यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. ज्या पक्ष्याला अपशकुनी म्हणत, तो आता त्या बायकांच्या पदरावर आहे आणि त्यांच्या परसातही.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतल्या झांबियाचं. साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात शिकारी तारेचे फास लावतात. त्यात हरीण, जंगली कुत्रा, हत्तीचं पिल्लू, काहीही अडकतं. गस्त घालणारे लोक हे फास काढून आणतात. 'मलबेरी मोंगूस' नावाच्या तिथल्या कार्यशाळेत स्थानिक बायका त्याच तारा कापतात, ठोकतात, घासतात, आणि त्यांचे मणी, हार, कानातली करतात. विक्रीतला पैसा गस्तीच्या कामाला जातो. तीच तार जंगलात राहिली असती तर कुणाचा तरी पाय कापला गेला असता. मला हे उदाहरण दागिन्यांतलं सगळ्यांत सच्चं वाटतं.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. प्राणी जिवंत राहण्यात तिथल्या माणसांचा फायदा आहे. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हेच झालं. 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. पूर्वी ही अंडी चोरीला जायची. आता समुद्राकडे धावणारी पिल्लं पाहायला लोक येतात, गावात घरगुती राहायची-जेवायची सोय होते, आणि कासव गावाचं होऊन जातं. टेबलावरची कासवं मी वेळासला जाऊन आल्यावर केली.

आता जरा कडू बोलते. सगळे प्राणी सारखे विकले जात नाहीत. हत्ती, घुबड, मांजर आणि फुलपाखरू पहिल्या तासात संपतात. गिधाड मी दोन वर्षांत चार जोड्या विकले, त्यातली एक जोडी माझ्या नवऱ्यानं घेतली. पण गिधाडाची गोष्ट ऐका. नव्वदच्या दशकापासून आपल्या देशातली गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक गेली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होतं आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होत होते. २००४ मध्ये हे कारण जगापुढे आलं, आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. गिधाडं गेली आणि मेलेली जनावरं टाकायच्या जागी कुत्र्यांना भरपूर खाणं मिळू लागलं. म्हणजे गिधाड आणि रस्त्यावरचं कुत्रं एकाच गोष्टीत आहेत, आणि आपण त्यांतलं फक्त देखणं पात्र विकत घेतो. माणसाची आवड गोंडस प्राण्याकडे जाते, त्याला इलाज नाही. म्हणून माझा तिसरा नियम असा की हत्ती विकून आलेले पैसे हत्तीलाच जातील असं नाही. जिथे गरज आहे तिथे जातील, आणि हे मी विकतानाच सांगते.

तुम्ही माझ्याकडून काही घेतलं नाही तरी चालेल. पण आजकाल बाजारात, मॉलमध्ये, परदेशातून येतानाच्या विमानतळावर "या खरेदीतून प्राण्यांना मदत" अशा पाट्या दिसतात. तिथे चार प्रश्न विचारा. पहिला, पैसे कुठल्या संस्थेला जातात, तिचं नाव काय? दुसरा, एका वस्तूमागे किती रुपये जातात? "नफ्यातला काही भाग" हे उत्तर नाही. नफा किती हे विकणारा ठरवतो, आणि "काही" म्हणजे एक रुपयाही असू शकतो. तिसरा, पावती दाखवता का? आणि चौथा, वस्तू कशाची आहे आणि कुणी घडवली? कासव वाचवायच्या पाटीखाली शिंपल्याचा हार विकणारे मी पाहिले आहेत. चारही प्रश्नांना विकणारा न चिडता उत्तर देत असेल, तर खुशाल घ्या.

शेवटी आपल्या गावाबद्दल. भटक्या कुत्र्यांची जबाबदारी नियमानुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे, म्हणजे आपल्या नगरपरिषदेची. मातीच्या कुत्र्यांनी ते काम होणार नाही आणि व्हावं अशी माझी इच्छाही नाही. आपल्या बॅचमध्ये आज दोन नगरसेवक, एक पशुवैद्य आणि तीन वकील बसले आहेत. वकिलांची संख्या पाहून कुत्र्यांनी घाबरू नये. मी जेवणाच्या वेळी तुम्हा सहा जणांना एका टेबलावर बसवणार आहे. मान्यताप्राप्त संस्थेला बोलावून गावात हे काम सुरू करायला अर्ज कुणाकडे, जागा कुठली, पहिल्या वर्षाचा खर्च किती, एवढं जेवण होईपर्यंत कागदावर यावं, अशी माझी विनंती आहे.

आणि शाळेसाठी एक गोष्ट मी मुख्याध्यापकांना आधीच विचारली आहे, त्यांनी होकार दिला आहे. पुढच्या वर्षी आठवी-नववीच्या मुलांना कार्यानुभवाच्या तासाला मातीचे प्राणी शिकवायला मी महिन्यातून एक शनिवार येईन. मुलांनी कुठला प्राणी घडवायचा ते त्यांनी ठरवायचं, मात्र त्या प्राण्याबद्दल दोन गोष्टी त्यांना सांगता आल्या पाहिजेत. ते प्राणी पुढच्या मेळाव्यात याच टेबलावर असतील. किंमत मुलं लावतील आणि हिशेबही फळ्यावर मुलंच लिहितील. तुम्ही त्यांना ते चार प्रश्न विचारायचे, जरा कडकच विचारायचे.

मातीकामाचे आपले सर आज समोर बसले आहेत. सर, पहिल्या शनिवारी तुम्ही यावं, अशी माझी फार इच्छा आहे. मुलांचे पोळपाट वाकडे झाले तर काय करायचं, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार!

जेवण तयार आहे असं मला खुणावताहेत.